सूतभर पुढे

मी एक कवळी. वरच्या दातांची. म्हातारपणी तोंडाचं बोळकं झालं की लोक बसवून घेतात ती नव्हे. त्या कवळीला घरात मान असतो, झोपताना तिला पाण्याच्या वाटीत जपून ठेवतात. माझी नेमणूक झाली ती सगळेच्या सगळे दात शाबूत असलेल्या तोंडात. त्या दातांवर मी चढायचं आणि मी चढले की लोकांनी हसायचं, एवढंच माझं काम. भाकरीचा तुकडा मी जन्मात चावलेला नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात, त्यातली मी फक्त दाखवायची.

ते तोंड राजेश्रीचं. टीव्हीवर अकरा वर्षं 'झुंबराक्का' झालेली राजेश्री. आपल्याच तोंडाने सांगायची गोष्ट नाही, पण झुंबराक्का म्हणजे निम्मी मीच होते. पूर्वी हे मी ऐटीत सांगत असे. आता सांगताना मान खाली जाते.

माझा जन्म दादरच्या एका पोटमाळ्यावर झाला. दिनकरराव नावाचे गृहस्थ तिथे कवळ्या करत. त्यांचे वडील सुतार, त्यामुळे दिनकरराव दातांचं मापही सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात सांगायचे. राजेश्री त्यांच्याकडे आली तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. वीस वर्षं मोलकरीण, शेजारीण, दवाखान्यातली नर्स अशी दोन-दोन वाक्यांची कामं करून दमलेली. आता पहिल्यांदा मोठी भूमिका पदरात पडायची होती. खेड्यातून लेकाकडे मुंबईत आलेली, दात पुढे असलेली, दिसेल त्याला टोकणारी बाई. राजेश्रीने पर्समधून एक काळापांढरा फोटो काढला. गावच्या जत्रेतला. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी धाकट्या बहिणीचा हात धरून उभी आहे आणि मान मागे टाकून, तोंड उघडून हसते आहे.

"असे दात पाहिजेत," राजेश्री म्हणाली. "ही माझी आक्का."

दिनकररावांनी आठवडाभर खपून फोटोबरहुकूम कवळी केली. ती मी नव्हे, ती माझी थोरली. दिग्दर्शकाने ती राजेश्रीच्या तोंडात पाहिली आणि नाक मुरडलं. "ही तर कुणाचीही मावशी वाटते. हसू कुठे येतंय? अजून पुढे पाहिजेत."

"किती?" दिनकररावांनी विचारलं.

दिग्दर्शकाला माप सांगता येईना. त्याने राजेश्रीकडे पाहिलं. राजेश्रीने फोटोकडे पाहिलं, मग तो उलटा करून टेबलावर ठेवला. "सूतभर घ्या पुढे, काका," ती म्हणाली.

त्या सूतभरातून मी जन्मले. थोरली केराच्या डब्यात गेली.

आणि हसू आलं. कसं आलं म्हणता! पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यामागचा माणूस हसता हसता खाली बसला. मी तोंडात असले आणि तोंड उघडं असलं की समोरचं सगळ्यांत आधी मलाच दिसतं. माणसं कशी हसतात हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. निम्मी माणसं आधी शेजारच्याकडे बघतात आणि तो हसला की हसतात. हसून झाल्यावर आपण नेमकं कशाला हसलो, हे कुणी मागे वळून बघत नाही. मीही बघितलं नाही. मला वाटायचं, आपला जन्म सार्थकी लागला.

मेकअपच्या खुर्चीत बसल्यावर राजेश्री गावाकडच्या गोष्टी सांगायची आणि मी समोरच्या डबीत पडून ऐकायचे. येलदरीच्या धरणाजवळचं तिचं गाव. घरात मेंढरं. आई गेली तेव्हा राजेश्री चार वर्षांची आणि आक्का, म्हणजे सरजा, बारा वर्षांची. वडील आश्रुबा मेंढरं घेऊन लांब जायचे, मागे या दोघीच. राजी रडायला लागली की आक्का कुणाची तरी नक्कल करायची. तलाठी खुर्चीत कसा बसतो, कंडक्टर तिकीट फाडताना जीभ कशी बाहेर काढतो, बाजारात मेंढी घ्यायला आलेला व्यापारी तिच्या पाठीवरून हात फिरवत तिला नावं कशी ठेवतो. राजी रडणं विसरायची. बायका धुणं टाकून बघत उभ्या राहायच्या. शाळेच्या नाटकात राजीने पहिलं काम केलं ते आक्काने शिकवलेलं. मुंबईला जायचं गाठोडंही आक्कानेच बांधून दिलं आणि आश्रुबांचा राग स्वतःच्या अंगावर घेतला.

थोडक्यात, घरातली खरी नटी सरजाबाई. झुंबराक्काची कमरेवर हात ठेवायची ढब तिची, ठसक्यात बोलणं तिचं, चालणं तिचं. मी तेवढी तिची नव्हते.

गावाने झुंबराक्का सरजाबाईच्याच घरी बसून पाहिली. पहिले काही दिवस सगळ्यांत जास्त ती हसली, असं तिची लेक बबिता सांगते. मग दुसऱ्या वर्षी एका मुलाखतीत राजेश्रीला विचारलं की ही बाई तुम्हाला सापडली कुठे. राजेश्री कौतुकाने म्हणाली, "झुंबराक्का म्हणजे माझी सख्खी बहीण. तिला बघा, हुबेहूब हीच."

हुबेहूब. हा शब्द बोलला गेला तेव्हा मी डबीत होते. मला माहीत होतं की ते खोटं आहे. पण डबीतल्या कवळीला कोण विचारतो?

त्यानंतर गावात सरजाबाईची झुंबराक्का झाली. पिठाच्या गिरणीत झुंबराक्का, एसटीत झुंबराक्का. लोक प्रेमाने म्हणत. त्यांना वाटायचं, बाईला बरं वाटत असेल. ज्यांनी जन्मभर तिचे दात पाहिले होते, त्यांनाही ते आता माझ्याएवढे दिसायला लागले.

बबिताच्या लग्नाला राजेश्री मला घेऊन गेली. मांडवात लोकांनी गलका केला. एक होऊन जाऊ द्या, एक होऊन जाऊ द्या. राजेश्रीने तोंड फिरवून मला बसवलं आणि माइक हातात घेतला. मांडव हसून हसून लोळला. मी समोर बघत होते. मांडवाच्या मेढीला टेकून एक बाई उभी होती. नाकापर्यंत पदर घट्ट ओढलेला, वर नुसते डोळे. ते डोळे माझ्याकडे बघत होते, राजेश्रीकडे नाही. जिच्या फोटोवरून मी जन्मले ती हीच, हे मला कळलं. मला तिचं तोंड दिसलं नाही. लग्नाच्या एकाही फोटोत ते नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली.

पुढे बबिताचा फोन आला. "मावशी, आई तोंडाला पदर लावल्याबिगर उंबऱ्याच्या बाहेर पाय ठिवत न्हाई. नकला तर बंदच केल्यात. तू एकदा बोल ना तिला."

"अगं, वयानं होतं तसं," राजेश्री म्हणाली आणि शॉट तयार आहे म्हणून फोन ठेवला. शॉट तयार नव्हता. ती बराच वेळ मला हातात घेऊन बसून राहिली.

मालिका संपली. झुंबराक्काशिवाय दुसरं काम राजेश्रीला कुणी देईना. ती साठीला आली. मी डबीत पिवळी पडत गेले. आणि यंदा जिंतूरच्या एका मंडळाचं पत्र आलं. आपल्या मातीतल्या कलावतीचा सत्कार. सोबत एक विनंती: येताना झुंबराक्काचे दात आणावेत आणि ज्यांच्यावरून हे पात्र सुचलं त्या भगिनींनाही मंचावर आणावं. दोघींना शेजारी शेजारी बघायची लोकांची फार इच्छा आहे.

सत्काराच्या दिवशी सकाळी राजेश्री आक्काच्या दारात उतरली. सरजाबाई अंगणात ज्वारी निवडत होती. बहिणीला बघून तिने आधी पदर वर ओढला, मग बस म्हणाली. चहा झाला. राजेश्रीने अडखळत पत्राचं सांगितलं.

"शेजारी शेजारी हुभं ऱ्हायचं," सरजाबाई म्हणाली. "म्हंजी लोकायनी ताडून बघायचं."

"तू नको म्हन आक्का, मी एकलीच जाते."

"ते दात आनलेत का? दाव बरं."

राजेश्रीने डबी उघडली. सरजाबाईने मला तळहातावर घेतलं. तिचा हात खरखरीत होता, पण मला तिने अलगद धरलं. उलटसुलट करून पाहिलं. मग ती उठली, भिंतीवरच्या आरशापुढे गेली आणि पदर खाली केला.

मी तिचे दात पाहिले. पुढे होते, नाही असं नाही. पण माझ्याएवढे नव्हते. तिने मला आपल्या ओठाजवळ धरलं, आरशात नीट बघितलं. मग लुगड्याला चिकटलेला ज्वारीचा एक दाणा काढला आणि माझ्या पुढच्या दाताशी धरून माप घेतलं, जसं शिंपी कापडाचं घेतो.

"येक दाना जास्त हायेत," ती म्हणाली. "एवडे म्होरं न्हाईत माझे."

राजेश्रीने रिकाम्या डबीचं झाकण लावलं.

"न्हाईत ना, राजे?"

"न्हाईत, आक्का."

"तुला ठाव होतं?"

"मीच घ्यायला लावले म्होरं. तुझ्यासारखे केलते आधी. त्यायला कुनी हासंना."

सरजाबाई परत सुपाशी येऊन बसली. तो दाणा तिने सुपात टाकला नाही, बाजूला ठेवला. "सोळा वर्सं मी तोंड झाकलं," ती म्हणाली. "मला वाटलं, आपुन हासन्यासारख्याच हाव, आजवर कुनी सांगितलं न्हाई. मंग लोक कुनाला हासले गं?"

राजेश्रीला रडू आलं. सरजाबाईने तिला गप्प केलं नाही. लहानपणी ती रडली की नक्कल करणारी आक्का ज्वारी निवडत राहिली. निवडून झाल्यावर तिने लुगडं बदललं आणि पदर तोंडाला लावून गाडीत जाऊन बसली. "चल," ती म्हणाली. "येते मी."

सभागृह खचाखच भरलं होतं. शाल झाली, नारळ झाला. मग निवेदकाने हाक दिली आणि टाळ्या सुरू झाल्या. झुंबराक्का, झुंबराक्का. राजेश्री मला मुठीत धरून माइकपाशी गेली.

"हे दात मी आज घालणार नाही," ती म्हणाली. "हे माझ्या आक्काचे नाहीत. मी ते मुद्दाम पुढे करून घेतले. काम मिळावं म्हणून मी सख्ख्या बहिणीचं तोंड खोटं करून विकलं. मला लाज वाटते."

आणि लोक हसले.

सगळं सभागृह हसलं. त्यांना वाटलं, ही नवी नक्कल. राजेश्रीचा आवाज फुटला तसे ते आणखी हसले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डोळे पुसत शेजाऱ्याला टाळी दिली. राजेश्रीने हात जोडले, त्यावर शिट्ट्या आल्या. अकरा वर्षं ज्या बाईने हसवलं तिची माफी कोण खरी मानणार? तिची मूठ उघडली आणि मी मंचावर पडले.

सरजाबाई मंचावरच्याच खुर्चीतून उठली. वाकून तिने मला उचललं. माइकशी आली, एका हातात मला सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि दुसऱ्या हाताने तोंडावरचा पदर काढला.

"हे टीव्हीतले," ती म्हणाली. "आन हे माझे. हासायचं तर हासा, पन नीट बघून हासा."

लोकांनी बघितलं. बघितल्यावर हसण्यासारखं तिथे काही नव्हतं. एका साधारण बाईचे जरासे पुढे असलेले दात, असे त्या सभागृहात आणखी वीस जणींना असतील. पुढच्या रांगेतले ते गृहस्थ चष्मा पुसायला लागले.

परत जाताना सरजाबाईने मला राजेश्रीकडे दिलं नाही. राजेश्रीने मागितलंही नाही. माफ केलं, असं एक म्हणाली नाही आणि माफ कर म्हणायची दुसरीला हिंमत झाली नाही.

आता मी सरजाबाईच्या भिंतीतल्या देवळीत, कुंकवाच्या करंड्याशेजारी असते. माझ्याशेजारी तो ज्वारीचा दाणा. कुणी पाहुणा आला आणि चुकून झुंबराक्का म्हणाला, की सरजाबाई त्याला दोन्ही गोष्टी दाखवते. आयुष्यभर मी खोटं दाखवलं, म्हातारपणी साक्षीला उभी राहते आहे. तुम्ही कधी कुणाच्या दाताला, चालीला, बोलण्याला हसलात तर एवढंच करा, ते त्या माणसाचं आहे की कुणी पुढे करून दाखवलेलं, हे आधी विचारा.

परवा बबिता माहेरी आली होती. गल्लीतल्या बायका जमल्या आणि तलाठ्याची नक्कल करा म्हणाल्या. सरजाबाई म्हणाली, तलाठी जुना झाला. तिने बबिताचा काळा चष्मा लावला, पर्स काखेत अडकवली आणि गाडीतून उतरावं तशी उंबऱ्यावरून उतरली. "हॅलो, हां, शॉट तयार हाय, मंग बोलते," असं म्हणत रिकाम्या हाताचा फोन तिने कानाशी धरला. बायका पोट धरून हसल्या. ती स्वतःही मान मागे टाकून, तोंड उघडून हसली, फोटोत होती तशी.

बबिताने हे सगळं खऱ्या फोनवरून मुंबईला दाखवलं. देवळीतून मला फोनचा पडदा दिसत होता. राजेश्रीही हसत होती. तिचे दात सरळ आहेत, पांढरेशुभ्र आहेत, आणि तिने हाताने तोंड झाकून घेतलं होतं. मला पदर असता तर मीही ओढून घेतला असता.