निळी चकती, वजन चोवीस ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुनी निळी चकती आहे, आणि माझी ओळख मी वजनापासून करून देते. ज्या माणसांत मी वाढले त्यांची तीच पद्धत होती. जन्माच्या वेळी माझे वजन बारा ग्रॅम होते. आज ते चोवीस आहे. खाऊनपिऊन गुटगुटीत झाले असे मात्र समजू नका. या जास्तीच्या बारा ग्रॅमांनी एका भल्या माणसाची झोप उडवायची वेळ आणली होती, तीच हकीकत आज सांगणार आहे.

तापलेल्या साच्यात माती, राळ आणि निळी पूड दाबून मला घडवले. कडा घासणाऱ्या कामगाराने मला दोन बोटांत धरून उजेडासमोर फिरवले आणि "ही बरी निघाली" म्हणून पेटीत टाकले. जन्मल्याबरोबर मिळालेले हे प्रशस्तिपत्र मी अजून विसरलेले नाही. पेटीत आम्ही अडीचशे भावंडे होतो. शंभर पांढरी, शंभर लाल आणि पन्नास निळी. पाच लाल दिल्या की एक निळी मिळे, त्यामुळे आम्ही निळ्या जरा नाक वर करूनच वागत असू.

दुकानाच्या फळीवर तीन वर्षे धूळ खाल्ल्यावर एका बाईंनी आम्हाला घरी नेले. त्या वजनकाटे तपासणाऱ्या एका कार्यशाळेत नोंदवहीचे काम करत. सगळे त्यांना ताई म्हणत आणि त्यांच्या बोलण्याला सगळेच टरकत. कार्यशाळेतले पाच जण दर दोन महिन्यांनी ताईंच्या घरी जमत, जेवणाच्या मेजावर जाड हिरवे कापड अंथरत आणि पोकर खेळत. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळत, मधे पाच पाने उघडी मांडली जात, आणि ज्याची जुळणी भारी त्याचा डाव. हातात काही नसताना सगळे असल्याचा आव आणता येई, त्याला हे लोक थाप म्हणत. ताईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "पैसे लावायचे असतील तर रस्ता मोकळा आहे. इथे फक्त चकत्या." वर्षाच्या शेवटी अंतिम सामना होई आणि जिंकणाऱ्याला अर्ध्या किलोचे एक पितळी वजन वर्षभर आपल्या टेबलावर ठेवायला मिळे. त्या एवढ्याशा वजनासाठी ही मोठी माणसे लहान मुलांसारखी भांडत.

आता या मंडळींची एक खोड सांगते. ती आम्हाला हाताने मोजत नसत. दिवसभर काट्यांशी खेळणारी माणसे ती! ढीग उचलायचा, तराजूत टाकायचा, वजनाला बाराने भागायचे की झाली मोजणी. हे काम काटेकाकांचे. त्यांचे खरे आडनाव मला आजपर्यंत कळलेले नाही. काका आपला दोन पारड्यांचा तराजू लाकडी पेटीतून आणत, मेजाच्या कडेला मांडत आणि आधी रिकामी पारडी दोन मिनिटे नुसती बघत बसत. प्रसूती रुग्णालयातल्या बाळांच्या काट्यांना तीस वर्षे त्यांच्याच सहीचे प्रमाणपत्र मिळत होते. ते म्हणत, "मोठ्या माणसाचं किलोभर इकडेतिकडे झालं तर तो हसतो. बाळाचं पन्नास ग्रॅम चुकलं तर आई रात्रभर रडते."

काकांच्या बोटांना तेलाचा वास येई. त्यांच्या ढिगात असले की मला अगदी निर्धास्त वाटे. ते थाप कधी मारत नसत, म्हणून नऊ वर्षांत एकदाही जिंकले नव्हते. त्यांच्या शेजारी बसणारा जोडारी, म्हणजे सुटे भाग जुळवणारा कारागीर, याच्या अगदी उलट. डाव असो नसो, थापा मारण्यात त्याचा हात धरणारे कुणी नव्हते. चौथे होते वजनांची गाडी चालवणारे मामा. पाचवे नवे साहेब. साहेब हुशार होते, पण सगळ्यांत आधी बाद होणे हा जणू त्यांचा हक्कच होता.

माझ्यावर संकट आले ते अंतिम सामन्याच्या आधीच्या बैठकीत. वजन करून झाले होते, आवराआवर चालली होती. मी ढिगातून घरंगळत खाली फरशीवर गेले. तेवढ्यात जोडाऱ्याने हसत हसत खुर्ची मागे कलवली आणि पुन्हा पुढे आणली. खुर्चीचा पाय माझ्यावर पडला. माझा अर्धा भाग शाबूत राहिला आणि अर्ध्याचा भुगा झाला. जोडाऱ्याने इकडेतिकडे पाहिले. ताई स्वयंपाकघरात होत्या. त्याने मला खिशात टाकले, भुगा बुटाने मेजाखाली सारला आणि मोठ्याने म्हणाला, "चला, निघतो मी!"

खरे सांगते, त्या दिवशी मला वाटले, संपले आपले. पण जोडारी मुळात वाईट माणूस नाही. त्याने आपल्या कामाच्या फळीवर मला चिमट्यात धरले, पितळेच्या पट्टीतून माझ्याच मापाचा अर्धा चंद्र कापला, कानशीने घासला, चिकटवला आणि वर निळा रंग दिला. जोड शोधून सापडणार नाही असे काम! मी आरशासारख्या चकचकीत पत्र्यात स्वतःला पाहिले आणि भलतीच खूश झाले. पितळ मातीपेक्षा किती जड असते याचा विचार मी केला नाही, आणि आश्चर्य म्हणजे काट्यांच्या कार्यशाळेत जन्म घालवलेल्या त्यानेही केला नाही. ताईंच्या धाकापुढे त्याला फक्त रंग दिसत होता.

अंतिम सामन्याच्या संध्याकाळी त्याने मला गुपचूप पेटीत सोडले. सहा वाजता खेळ सुरू झाला. ताईंनी गजराचे घड्याळ साडेआठचे लावले होते. गजर वाजला की खेळ बंद, ज्याचा ढीग मोठा तो विजेता.

त्या दिवशी हवेत थोडा ताण होता. महिन्यापूर्वी काकांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. सोमवारी साहेब ठरवणार होते की बाळांच्या काट्यांवर सही यापुढे काकांची राहणार की जोडाऱ्याची. हे सगळ्यांना माहीत होते आणि कुणीच बोलत नव्हते. काकांचा मात्र हात स्थिर होता.

साहेब पहिल्या अर्ध्या तासात बाद झाले. मामा गेले, ताई गेल्या. उरले काका आणि जोडारी. साडेआठला दोन मिनिटे असताना जोडाऱ्याने निळ्यांचा एक गठ्ठा पुढे सरकवला. त्यात मी होते.

"काका, सोडून द्या. या वेळी खरंच आहे माझ्याकडे."

काकांच्या हातात सत्त्यांची जोडी होती, फार काही नव्हे. त्यांनी जोडाऱ्याकडे बराच वेळ पाहिले. "थाप मारतोयस तू," ते म्हणाले आणि तेवढ्याच चकत्या समोर ठेवल्या. जोडाऱ्याने पाने उलटली. नुसता फुसका बार! मामांनी टाळी वाजवली, गजर झाला, आणि मी काकांच्या ढिगात गेले.

मग तराजू पुढे आला. पांढऱ्या आणि लाल दोघांच्या सारख्याच भरल्या. सगळा निकाल निळ्यांवर आला. जोडाऱ्याच्या निळ्या तीनशे ग्रॅम, म्हणजे पंचवीस. काकांच्या तीनशे बारा, म्हणजे सव्वीस. नऊ वर्षांत पहिल्यांदाच काका जिंकले होते! मामांनी त्यांना मिठी मारली. काका लहान मुलासारखे हसले. तेवढ्यात ताईंनी वहीवरून मान वर केली.

"पंचवीस आणि सव्वीस एक्कावन्न होतात, काका. निळ्या पन्नासच आहेत."

साहेबांनी पुढे होऊन दोन्ही ढीग हाताने मोजले. पंचवीस आणि पंचवीस. त्यांनी दोनदा मोजले.

"काका, तुमच्या बाजूला एक जास्त दाखवतोय काटा," साहेब हळूच म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका. बरोबरी धरू या, पितळी वजन दोघांकडे सहा-सहा महिने. पण सोमवारचं... तुम्हीच विचार करा. डोळ्यांना आता विश्रांती हवी."

काकांचा चेहरा उतरला. मित्रांनो, त्या क्षणी मला बोलता आले असते तर मी ओरडले असते. मी जोडाऱ्याकडे पाहत होते. त्याचा हात खिशात होता आणि मान खाली. त्याने नुसते गप्प राहायचे होते, सोमवारी काकांची जागा आपोआप त्याच्याकडे चालत आली असती.

"बरोबरीचं जाऊ दे," काका म्हणाले. "काटा चुकला म्हणालात ना, ते बघू आधी."

"काका, उशीर होतोय," साहेब म्हणाले.

"तीस वर्षं झाली साहेब, अजून पाच मिनिटं द्या."

त्यांनी बक्षिसाचे पितळी वजन एका पारड्यात ठेवले आणि आपल्या पेटीतली अर्ध्या किलोची वजने दुसऱ्यात. काटा मधोमध थांबला. त्यांनी पारड्यांची अदलाबदल केली. पुन्हा मधोमध.

"काटा खरा आहे," काका म्हणाले. "म्हणजे चकती खोटी आहे. शोधू या."

मग त्यांनी आम्हा पंचवीस जणींतून बारा डावीकडे आणि बारा उजवीकडे टाकल्या. डावे पारडे खाली गेले. मी डावीकडे होते. उजवीकडच्या बारा आणि उरलेली एक त्यांनी बाजूला सारल्या. बारांचे सहा-सहा केले. पारडे खाली. सहांचे तीन-तीन केले. पुन्हा खाली. साहेब खुर्चीवरून उठून जवळ आले. ताईंनी चष्मा लावला. घाई नाही, गडबड नाही, एका डोळ्याच्या मोतीबिंदूचे नावसुद्धा नाही. माणूस आपल्या कामात असला की कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिले, आणि माझाच पर्दाफाश होत असताना मला त्यांचा अभिमान वाटत होता.

आम्ही तिघी उरलो. काकांनी मला उचलले आणि पारड्यात ठेवण्याआधीच जोडाऱ्याचा आवाज आला.

"काका, थांबा. तीच आहे."

सगळे त्याच्याकडे वळले.

"मी मोडली होती. मागच्या वेळी. खुर्चीखाली आली. ताईंच्या भीतीनं सांगितलं नाही. अर्धी पितळेची आहे." त्याने खिशातला हात बाहेर काढला. "तुमचा काटा बरोबर होता. मी मघापासून गप्प बसलो. सोमवारचं डोक्यात आलं, आणि गप्प बसलो. चुकलं माझं."

ताईंनी तोंड उघडले आणि, मी पहिल्यांदाच पाहिले, न बोलता मिटले.

काकांनी मला तळहातावर झुलवले. मग मला डाव्या पारड्यात ठेवले आणि माझ्या बहिणीला उजव्या.

"आता कशाला काका, सांगितलं की त्यानं," मामा म्हणाले.

"सांगितलं ते चांगलंच केलं. तरी वजन करायचं."

डावे पारडे खाली गेले. काकांनी उजवीकडे बारा ग्रॅम टाकले. काटा मधोमध आला. चोवीस.

त्यांनी मला दिव्यापाशी नेले आणि नखाने कड चाचपली. "काम सुरेख केलंयस रे," ते जोडाऱ्याला म्हणाले. "जोड दिसतच नाही. तीच चूक झाली. जोड दिसायला हवा." मग खिशातल्या चाकूने त्यांनी माझ्या अर्ध्या अंगावरचा निळा रंग खरवडून टाकला. आतून पिवळे पितळ चमकले. मला वाटले होते लाज वाटेल. उलट हलके वाटले, वजन चोवीस असूनही!

साहेबांनी मला टाकून देऊन नवी चकती आणायची सूचना केली. ताईंनी त्यांच्याकडे असे काही पाहिले की सूचना तिथेच विरली. त्यांनी वहीत लिहिले, "निळी, एक, दुरुस्त. वजन चोवीस ग्रॅम." मग जोडाऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अरे, मी काय तुला खाल्लं असतं का?"

"हो," जोडारी आणि मामा एकदमच म्हणाले, आणि साहेबांसकट सगळे हसले.

सोमवारी काय झाले ते मला दोन महिन्यांनी, पुढच्या बैठकीत मामांकडून कळले. साहेबांनी बाळांच्या काट्यांची सही काकांकडेच ठेवली. काकांनी मात्र स्वतःहून एक मागणी केली. प्रमाणपत्रावर आपल्या सहीखाली जोडाऱ्याचीही सही असावी, आणि आपण निवृत्त होईपर्यंत त्याने शेजारी बसून काम शिकावे. साहेबांनी विचारले, "एवढं झाल्यावरही?" तेव्हा काका म्हणाले, "एवढं झालं म्हणूनच. चूक तोंडावर सांगायला किती जड जातं, ते त्याला आता ठाऊक आहे. असा माणूस मला बाळांच्या काट्यावर हवा."

मी आता ढिगात नसते. पाने कुणी वाटायची ते दाखवायला मला त्याच्यापुढे ठेवतात, आणि डाव संपला की पुढच्याकडे सरकवतात. मला कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही. पण जोडाऱ्यापुढे आले की तो पाने वाटण्याआधी मला एकदा हातात घेतो.

मित्रांनो, तुमच्या हातूनही वस्तू मोडतील. त्या फेकू नका, मन लावून जोडा. पण जोडल्यावर लपवू नका. तुम्ही गप्प बसाल तेव्हा कुठेतरी एखादा भला माणूस आपला खरा काटा खोटा समजून मान खाली घालत असेल. तो पारड्यात शेवटची चकती ठेवण्याआधी बोला.