एकच प्रत

माझ्या नातीच्या बँडने अल्बम विकण्याची जी तऱ्हा शोधून काढली, ती ऐकून प्रथम मला हसूच आले. गाणी आठ आणि प्रत्येक गाण्याची तबकडी एकच. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याच्या देखत ती कोरायची आणि लगेच, त्याच्याच देखत, संगणकातले मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकायचे. पुढे बँडने ते गाणे कुठे म्हणायचेदेखील नाही.

"याला धंदा म्हणतात की वैराग्य?" मी विचारले.

"आजी, सहज मिळालेलं कुणी पुरतं ऐकत नाही गं. अर्ध्यातच पुढचं लावतात. एकालाच मिळालं, तर तो तरी जीव लावून ऐकेल. कल्पना आईचीच होती."

तिची आई म्हणजे माझी थोरली लेक. गेल्या हिवाळ्यात ती गेली. बोलताना, हसताना ती आमच्या फोनमध्ये आहे. गाताना मात्र कुठेही नाही, अशी माझी समजूत होती. सात गाणी विकली गेली. आठवे जायच्या आदल्या दिवशी बँडचा ड्रमर, ज्याला सगळे धडधड्या म्हणतात, आमच्याकडे चहा पिता पिता बोलून गेला, "उद्याचं गाणं म्हणजे कहर आहे, आजी. शेवटी काकू गुणगुणतात ना, तिथे मी काठ्या खालीच ठेवल्या होत्या."

नातीने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने कपही खाली ठेवला.

"ते गाणं विकलं जाणार नाही," मी म्हणाले.

आमच्या घरात माझ्या बोलण्यावर कोणी बोलत नाही. मुलाने नोकरी सोडली ती मला विचारून, जावयाने घर बदलले ते मला दाखवून. नात मात्र मान खाली घालून म्हणाली, "चिठ्ठी निघालीय. आणि आईनं बजावलं होतं, माझ्यासाठी म्हणून नियम मोडशील तर खबरदार. मी हो म्हटलंय तिला."

"मग आत्ता ऐकव."

"घेणाऱ्याच्या आधी बँडबाहेरच्या कुणाला ऐकवायचं नाही, असं ठरलंय."

"मी बाहेरची?"

"तू माझी आजी आहेस," तिचे डोळे भरून आले होते, "पण बँडमध्ये नाहीस गं."

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओच्या बोळातल्या बाकावर ताठ बसून राहिले. आत जायची परवानगी फक्त घेणाऱ्याला होती. जाड गादी ठोकलेल्या त्या दारातून सूरच काय, खोकलासुद्धा बाहेर येत नव्हता. अखेर दार उघडले. एक मध्यमवयीन दंतवैद्य चपटी पेटी छातीशी धरून बाहेर आला. मागे नातीचा चेहरा दिसला, आणि आत सगळे पुसून झाले आहे हे मला विचारावे लागले नाही.

"शेवटी गुणगुणते ती माझी मुलगी," मी त्याला म्हणाले. "ही पेटी मला द्या. बदल्यात काय हवं ते मागा."

तो गोंधळला. पेटीवरची पकड मात्र घट्ट झाली. "आजी, दुसरं काहीही मागा. तेवढं ऐकल्यापासून माझा जीव त्यातच अडकलाय. पण तुम्ही चला ना घरी. आत्ताच चला."

मला राग येण्यासारखे तो काहीच बोलला नव्हता, आणि याचाच मला राग आला. तरी गेले.

त्याच्या बैठकीच्या खोलीत पडदे ओढलेले होते. त्याने तबकडी दोन्ही तळव्यांत धरून रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली, सुई टेकवली. नातीचा आवाज संपला, ढोल थांबले आणि माझी लेक गुणगुणू लागली. जिना चढताना मध्येच थांबून घ्यायची तसाच श्वास तिने मध्ये घेतला. एवढेच. सुई उचलली गेली.

"एक सांगायला हवं," तो हलकेच म्हणाला. "ही तबकडी मऊ असते. प्रत्येक वेळी सुई थोडं खरवडते. ऐकत गेलं की आवाज पुसट होत जातो, असं त्यांनी मला बजावलंय." मग त्याने विचारले, "पुन्हा लावू?"

त्याचा हात सुईवर तसाच अधांतरी होता. तो माझ्या हुकमाची वाट पाहत होता, आणि मला हो म्हणता येईना की नको म्हणता येईना.