पंधरा इंचांची कॉलर

माझ्या ताईचे यजमान, अर्थात आमचे भावजी, यांचे समस्त शर्ट माझ्याच यंत्रावर शिवले जातात. गेल्या तीन महिन्यांत त्यांच्या गळ्याचे माप पंधरा इंचांवरून साडेसोळावर गेले. मी दोनदा कॉलर वाढवून दिली आणि दोन्ही वेळा "ताईच्या हातचं मानवतंय" अशी थट्टाही केली. फुगलेला चेहरा मला सुखाचे लक्षण वाटला. तिसऱ्या खेपेस मात्र माझी टेप थबकली. गळा वाढला होता आणि कंबर दोन इंच उतरली होती. त्याच दिवशी त्यांना इस्पितळात नेले.

निदान असे झाले की, डोक्याकडून व हातांकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत छातीतील गाठ शिरली असून वाट अडली आहे. गाठीसह शिरेचा तेवढा भाग कापून तेथे कृत्रिम नळी शिवावी लागेल, असे डॉक्टरबाईंनी सांगितले. जिवाचा धोकाही त्यांनी लपवला नाही.

त्यांनी दाखवलेली नमुन्याची नळी मी बोटांत धरून पाहिली. "धुतल्यावर आटत नाही ना?" मी नम्रपणे विचारले.

"नाही आटत. पण टाका सैल पडून चालत नाही."

"मग तुम्हीच शिवा," भावजी म्हणाले. "ह्याला दिलीत तर शीरसुद्धा वाढत्या अंगाची ठेवील."

शस्त्रक्रिया सात तास चालली. रिकामे हात असह्य झाल्याने मी बाकावर बसून भावजींच्या एका शर्टाची कॉलर उसवली आणि पुन्हा पंधरा इंचांची करू लागलो.

"आणि नाही बसली तर?" ताईने विचारले.

मी सुई ओवू लागलो. दोरा आत जाईना. ती तिनेच ओवून दिली.

बाराव्या दिवशी घरी निघताना भावजींनी तोच शर्ट घातला. ताईने वरचे बटण लावले. ते लागले. मी कॉलरमध्ये बोट घालून पाहिले. शिंप्याच्या नियमाप्रमाणे एकच बोट गेले.

"डॉक्टरबाईंचं माप चोख आहे," भावजी म्हणाले. "आता तू कंबर बघ. पँट हाताने धरून चालतोय मी."

मी टेप लावली, परंतु डोळे भरून आल्याने आकडा दिसेना.

"कंबर आवळू का, ताई?"

"काही नको. फक्त तुझा पट्टा दे," ताई म्हणाली. "कंबरेचं मी बघते."