नेटलच्या गळ्यातला पट्टा

झुडपात सोडण्याआधी स्पॅनियल कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा काढायचा, हे आमच्या इंग्लंडातल्या हेरफर्डशायरच्या रानात पोरांना अक्षरओळखीच्या आधी कळतं. पट्टा फांदीत अडकला की कुत्रं आतच राहतं. मला हे ठाऊक होतं. तरी त्या सकाळी नेटलच्या गळ्यात पट्टा होता, आणि तो मीच ठेवला होता.

एका सकाळी नेटलसारखी कॉकर जातीची स्पॅनियल किती किलोमीटर धावते, हे मला मोजायचं होतं. पट्ट्याला काडेपेटीएवढं यंत्र होतं आणि तिचा ठिपका माझ्या मोबाइलवर दिसत होता. लांब कानांच्या केसांखाली पट्टा झाकला गेला. हेडली मामाला दिसला नाही, मी सांगितलं नाही. मामा या रानाचा राखणदार आणि नेटल त्याची, त्यानेच शिकवलेली.

ती ब्लॅकथॉर्नच्या काटेरी जाळीत घुसली. आत दडलेला फेझंट पक्षी उठवायचा आणि परत यायचं, एवढंच काम. ती जाईल तसे जाळीचे शेंडे आत आत हलत गेले आणि एका जागी थांबले.

मामाने परत बोलावण्याच्या तीन तुटक शिट्ट्या दिल्या. काही नाही.

"सशामागे लागली असणार बया," तो म्हणाला. "तुझ्यासारखीच. ऐकायचं सगळं, करायचं मनाचं."

मोबाइलवर ठिपका चौतीस मीटरवर होता. चार मिनिटं हलला नव्हता.

भुंकणं ऐकू येत नव्हतं, आणि येणारही नव्हतं. कामात तोंड उघडणारी स्पॅनियल आमच्याकडे कुणी ठेवत नाही. मामाने तिला पिल्लू असल्यापासून गप्प राहायला शिकवलं होतं.

तो शिट्ट्या देत राहिला. प्रत्येक वेळी आतला तोच एक शेंडा थरथरायचा. मग माझ्या लक्षात आलं. बोलावलं की ती ओढ घेत होती, आणि ओढ घेतली की पट्टा आवळत होता. सांगितलं तर मामा मला पुन्हा कुत्र्यांना हात लावू देणार नव्हता. त्याने पुन्हा शिट्टी ओठांना लावली.

"मामा, नको! पट्टा आहे तिच्या गळ्यात. मी ठेवला."

त्याने शिट्टी खाली घेतली. "तीन वर्षं विद्यापीठात हेच शिकलीस का गं, मेरियल?"

उत्तराची वाट न बघता त्याने एकच लांब शिट्टी दिली. ही बसण्याची. शेंडा थांबला.

"आता सांगेपर्यंत हलायची नाही ती. हा चाकू घे, जा आत. मी काही तिथे मावत नाही."

मी पोटावर सरकत गेले. काट्यांनी आधी केस धरले, मग कोट. मागे वळायला जागा नव्हती. नेटल जुन्या कुंपणाच्या तारेला अडकून बसली होती, पट्ट्याला दोन पीळ पडलेले, जीभ निळसर. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. कान मामाच्या दिशेला होते. आखूड शेपटी मात्र मातीवर आपटत होती.

चाकूचं पातं पट्ट्याखाली जाईना. मी माझं बोट आधी घातलं, त्यावरून पातं. पट्टा तुटला. ती खोकली, दोनदा.

आता मामाकडे धावेल, असं मला वाटलं. पण बसण्याची शिट्टी न जुमानता तिने नाक जमिनीला लावलं आणि राहिलेलं काम पुरं करायला आणखी आत गेली. क्षणात पंखांचा फडफडाट झाला, नर फेझंट ओरडत वर गेला.

"उठवला!" बाहेर मामाचा आवाज फाटला. "अगं, उठवला तिने!"

तीन तुटक शिट्ट्या. ती माझ्या पाठीवरून उड्या मारत बाहेर गेली.

"मामा, माझा कोट अडकलाय. मला हलता येत नाहीये."

"पड तिथेच. आधी हिचे कान बघतो."

तो एकेक काटा काढत होता आणि तिच्याशी हळू आवाजात बोलत होता. मी काट्यांत पालथी पडून ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने विचारलं, "झालं का?"

"एक कान झाला."