जाईबाईचा आवाज

माझ्या भावाच्या पायाला भिंगरी आहे, असं लोक कौतुकाने म्हणतात. पायाला नाही, भिंगरी त्याच्या अंगठ्याला आहे. जेवताना, बोलताना, संडासच्या रांगेतसुद्धा संघर्षचा अंगठा फोनवर खाली-वर फिरत असतो. किती जणांनी पाहिलं, कोण काय म्हणालं, कालच्यापेक्षा कमी का? दोन दिवस व्हिडिओ पडला नाही की लोक आपल्याला विसरले असं त्याला वाटतं आणि तो येरझाऱ्या घालायला लागतो. आमच्या एवढ्याशा खोलीत येरझाऱ्या घालायच्या म्हणजे माझ्या पायावर पाय देणं आलंच.

त्याचं चॅनेल आमच्या आईवर चालतं. म्हणजे आई त्यात नसते. संघर्षच तिचा गाऊन घालतो, डोक्याला टॉवेल गुंडाळतो आणि जाईबाई, म्हणजे आमची आईच, होतो. मी फोन धरून शूट करते. आई साताऱ्याकडची. लोअर परळच्या चाळीत जन्म गेला, तरी भाषा तिकडचीच राहिली. तिला काही सांगायचं असलं की आधी कमरेवर हात, मग ‘आता मी काय म्हनती’, आणि मग समोरच्याची धडगत नाही. संघर्षने हे इतकं हुबेहूब उचललं, की माझ्या ऑफिसातल्या मुलीसुद्धा चहाला बोलावताना ‘आता मी काय म्हनती’ म्हणायला लागल्या. आईलाही आधी गंमत वाटायची. “मुडदा माझ्यापरीस बरा बोलतोय,” म्हणायची.

मग चाळीचं रिडेव्हलपमेंट निघालं. बिल्डरने पटांगणात मोठा नकाशा लावला. त्यात जिम होती, कारंजं होतं, तीन मजल्यांचं पार्किंग होतं. आमचा बुद्धविहार नव्हता. तशी ती पत्र्याची एक खोली, पण आई दर पौर्णिमेला तिथे वंदना घेते. मी दहावीचा अभ्यास तिथेच केला. पप्पांना शेवटचं तिथूनच नेलं. नव्या फ्लॅटचं सगळ्यांना एवढं वेड लागलं होतं, की विहाराचं विचारून वाईट व्हायला कुणी तयार नव्हतं. आई म्हणाली, “मी इचारनार.”

रविवारी सकाळी मीटिंग भरली. चाळ कमिटीचे अध्यक्ष शामराव म्हणाले, “कुणाला काही शंका?” आई उठली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आता मी काय म्हनती...”

अख्खं पटांगण खो खो हसलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आई थांबली, पुन्हा म्हणाली, “आरं ऐका तरी, आपला विहार...” पुन्हा हशा, कारण ‘आरं ऐका तरी’ हेसुद्धा व्हिडिओत होतं. शामराव डोळे पुसत म्हणाले, “जाईबाई, तुम्ही म्हणजे ओरिजिनल!” बिल्डरचा माणूससुद्धा हसला. ज्या बाईने भांडून अख्ख्या मजल्याला पाणी आणलं होतं, ती गप्प खाली बसली.

आणि आमचे चिरंजीव हे सगळं शूट करत होते. दुपारी व्हिडिओ पडलासुद्धा, ‘ओरिजिनल जाईबाई लाइव्ह’.

माझं डोकं फिरलं. “जनाची नाही तर मनाची तरी ठेव रे!”

“तायडे, तुफान चाललंय. आईच फेमस होतेय ना!”

आईने तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, फोन त्याच्या हातात दिला आणि भाकऱ्या थापायला गेली.

त्यानंतर आई बोलेनाशी झाली. रुसली नव्हती. हो, नको, जेवून घ्या, एवढंच. संघर्ष सैरभैर झाला. त्याने दूध उतू घालवलं, ओला टॉवेल गादीवर टाकला, आई एक शिवी घालेल म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती मुकाट्याने ओटा पुसायची. जुनीच वाक्यं फिरवून त्याने दोन व्हिडिओ केले, तर लोकांनी लिहिलं, ‘भावा, तेच तेच.’ शेवटी एकदा तो माझ्याजवळ येऊन बसला.

“तायडे, ती माझ्यामुळे गप्प झालीय का?”

“मग काय माझ्यामुळे?” मी म्हणाले. त्याचा अंगठा तेव्हा पहिल्यांदा थांबलेला मी पाहिला.

नकाशावर हात वर करून मंजुरी द्यायचा रविवार आला. आई म्हणाली, “मी न्हाय येत. तूच सांग. तुजं ऐकत्यात लोक.”

संघर्ष साधा शर्ट घालून गेला. मत खोलीमागे एक आणि खोली पप्पांनंतर त्याच्या नावावर, म्हणून मी तोंड उघडताच शामरावांनी मला बसवलं. संघर्ष उभा राहिला तेव्हाच चार फोन वर आले.

“नकाशात विहार नाहीये,” तो स्वतःच्या आवाजात म्हणाला. “तो कुठे बांधणार, ते आधी लिहून द्या. मग मंजुरी.”

लोक गालातल्या गालात हसत वाट बघत राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, “अबे, आईच्या आवाजात बोल ना!”

“मी सिरियसली बोलतोय. आमचे पप्पा तिथून...” त्याचा आवाज फाटला. डोळ्यांतून पाणी आलं.

“काय ॲक्टिंग करतो रे!” आणि टाळ्या पडल्या. तो हात जोडायला लागला, तसा हशा वाढतच गेला. मी किंचाळले, ते कुणाच्या कानापर्यंत गेलं नाही. शामरावांनी हसत हसतच मंजुरी विचारली आणि हसत हसतच हात वर झाले.

आम्ही वर आलो, तेव्हा आई गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होती. तिने सगळं वरून ऐकलं होतं. संघर्ष तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. मला वाटलं, आता तरी ती त्याला फोडून काढील. मी तर त्याचीच वाट बघत होते.

आईने पदराने त्याचं तोंड पुसलं.

“माझ्यापरीस तुला जास्त हसली रं लोकं,” ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरंच त्याची कीव आली होती.