ब्रेक कुणी दाबला

टायरच्या दुकानाच्या पायरीवर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, जरा खाली बघून चला," तेव्हाच त्याने ओळखायला हवं होतं. एरवी दोघांचं अरे-तुरे चाले. शाळेत एकाच वर्गात होती दोघं, मानपान येणार कुठून? पण राग आला की ती अहो-जाहोवर यायची, आणि राग जितका मोठा तितका मान मोठा. गेला दीड महिना ती त्याला पाहुण्या जावयासारखा मान देत होती.

दोघांचा धंदा मधाचा. जिथे फुलं, तिथे मधमाश्यांच्या पेट्या न्यायच्या. मोहरी फुलली की मोहरीत, सूर्यफूल फुललं की तिकडे. ही सगळी ने-आण जुन्या पिकअपमधून व्हायची आणि पिकअप ती चालवायची. पेट्या रचणं, दोर आवळणं, धूर देऊन माश्या शांत करणं ही त्याची कामं. स्टिअरिंगला तो सहसा हात लावत नसे. टायर बदलायला झालेत म्हणून तिने त्याच्यामागे कितीदा लकडा लावला होता. खाचा झिजून टायरचे पार गोटे झाले होते, हात फिरवला तर घसरगुंडीवर फिरवल्यासारखं वाटायचं.

"अजून एक हंगाम सहज निघेल," तो म्हणायचा.

निघाला नाही. सूर्यफुलांच्या शेतांकडे जाताना मातीचा एक चढ लागतो. दीड महिन्यापूर्वी एका पहाटे ती पेट्या भरून निघाली तेव्हा रात्रीच्या पावसाने तो निसरडा झाला होता. शेजारी सासरे बसले होते, नवरा मागून मोटारसायकलवर येत होता. वळणावर मागची चाकं जागच्या जागी फिरली, गाडीचं मागचं अंग बाजूला सरकलं आणि पिकअप आडवी होत कडेच्या चरात जाऊन आदळली. पेट्या एकमेकींवर कोसळून फुटल्या. सासऱ्यांचा खांदा दारावर आपटून मोडला. चवताळलेल्या माश्यांच्या घोंगावण्यातून तिने त्यांना बाहेर ओढलं, आपली ओढणी त्यांच्या तोंडावर टाकली, त्यामुळे तिचं स्वतःचं तोंड उघडंच राहिलं. नवरा धावत पोचला तेव्हा तिचा एक डोळा सुजून मिटत आला होता.

आणि त्याचं पहिलं वाक्य काय? "ब्रेक का दाबलास?"

"मी ब्रेक दाबलाच नाही!"

पण ते वाक्य जे त्याच्या तोंडी बसलं ते बसलंच. दवाखान्यात डॉक्टरला तेच, शेजाऱ्यांना तेच, फोनवर आपल्या बहिणीला तेच. "निसरड्या चढावर कुणी ब्रेक दाबतं का? पण हिने दाबला." नणंद भेटायला आली, तेव्हा हिच्यासोबत भांडी पुसता पुसता मायेने म्हणाली, "अगं, होतं असं. घाबरलं की पाय आपोआप ब्रेकवर जातो." ती माया तर माश्यांच्या डंखापेक्षा जास्त झोंबली. सासरे हात गळ्यात अडकवून खिडकीपाशी बसायचे आणि बाहेर बघायचे. ते काहीच बोलत नसत. म्हातारा माणूस, मार लागलाय, म्हणून तीही त्यांना काही विचारत नसे.

तर आता टायर. आत रबराचा वास दाटला होता आणि छतापर्यंत टायरच्या उतरंडी लावल्या होत्या. दुकानदाराला सगळे हवापाणी म्हणत, कारण गिऱ्हाईक आलं की "काय म्हणतंय हवापाणी?" हाच त्याचा नमस्कार असे. त्याने तीन प्रकारचे टायर ओळीने मांडले. एक साधा, गुळगुळीत, डांबरी रस्त्याचा. दुसरा चिखलाचा, हाताच्या मुठीएवढे ठोकळे असलेला. आणि मधला ऑल-टेरेन, रस्त्यालाही चालेल आणि मातीतही धरेल असा.

नवरा सरळ चिखलाच्या टायरपाशी गेला आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तशी त्याच्यावर थाप मारली. "हा बघ. याला म्हणतात टायर. हा घसरेल का?"

"घसरेल," ती म्हणाली. "ओल्या डांबरावर घसरेल. आपण दिवसभर डांबरावर असतो, माती शेवटी थोडीशी. शिवाय हे ठोकळे रस्त्यावर इतके घरघरतात की मागच्या माश्या बिथरतील. अहो, आपल्याला मधला हवाय. जास्त ओझ्याचा. पेट्या भरल्या की गाडी केवढी दबते ते तुम्ही बघताच."

"वहिनींचं बरोबर आहे," हवापाणी म्हणाला.

"तुम्हाला विचारलं का मी?" नवरा त्याला म्हणाला.

हवापाण्याने कान खाजवला. "दादा, नवरा-बायकोच्या भांडणात मी पडत नाही. हवा आमची जाते."

ती मधल्या टायरपाशी उकिडवी बसली, बोटाने खाचा तपासल्या, कडेवरचा ओझ्याचा आकडा वाचला, कधी बनलाय तेही पाहिलं. टायर ताजा होता. "हेच चार द्या," ती म्हणाली.

तिथे ते संपलं असतं. पण हरलेल्या माणसाला शेवटचा शब्द हवा असतो. नवरा दुकानदाराकडे वळून हसत म्हणाला, "द्या, कुठलेही द्या. चालवणाऱ्याने चढावर ब्रेक दाबल्यावर सगळे टायर सारखेच!"

हवा भरायला थांबलेले दोन रिक्षावाले हसले. त्यांचा काही दोष नव्हता, त्यांना विनोद वाटला. पण तिच्या डोक्यात दीड महिना जे खदखदत होतं त्याचं झाकण उडालं.

"थांबा," ती हवापाण्याला म्हणाली. जॅक आधीच गाडीखाली सरकवला होता. "तो जॅक काढा. जुने टायर तसेच राहू द्या. हे नवे चार मागे हौद्यात टाका."

"वहिनी, टायर गाडीखाली लावतात, गाडीत नाही."

"माहितेय मला. परत येऊन लावू." मग ती नवऱ्याकडे वळली आणि त्याच्यासमोर किल्ली धरली. "बसा. आज तुम्ही चालवा. कालही पाऊस झालाय, चढ तसाच असेल. तुम्हाला येतं ना ब्रेक न दाबता? दाखवा मला."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"हो, फिरलंय. तुम्हीच फिरवलंय. दीड महिना घरोघर जाऊन फिरवलंय. माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, तुमच्या वडलांना मी माश्यांतून ओढून काढलं, आणि तुम्ही डॉक्टरला काय सांगत होतात? हिने ब्रेक दाबला! चला. नाहीतर या दोन दादांसमोर म्हणा की मला जमणार नाही."

रिक्षावाले आता हसत नव्हते. नवऱ्याने किल्ली घेतली.

वाटेत ती सासऱ्यांच्या जागी बसली होती. चढ आला तेव्हा माती चकाकत होती. "हळू घ्या," ती म्हणाली, "मीही हळूच घेतली होती." त्याने पहिल्या गिअरमध्ये गाडी वर काढायला सुरुवात केली. हात स्टिअरिंगवर घट्ट, जबडा आवळलेला. ती रस्त्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या पायाकडे बघत होती.

वळण आलं. मागून चाकं फिरल्याचा सूं सूं आवाज आला आणि गाडीचं मागचं अंग हळूच, अगदी लाडात आल्यासारखं, बाजूला निघालं. त्याने स्टिअरिंग वळवलं. काही उपयोग झाला नाही. त्याचा उजवा पाय हवेत उचललेला होता, ब्रेकपासून लांब. गाडी तशीच घसरत आडवी झाली आणि त्याच चरात, जवळपास त्याच जागी, एक चाक घालून थांबली. मागे नवे टायर धबाधब आपटले.

इंजिन बंद पडलं.

"ब्रेक दाबलात?" तिने विचारलं.

त्याने आरशात मागचं चाक बघितलं.

"मी विचारतेय, ब्रेक दाबलात का?"

"नाही."

"मग घसरली कशी?"

त्याने दोन्ही हात मांडीवर घेतले. "टायर," तो म्हणाला. "मला तेव्हाही माहीत होतं. बाबा चरात पडलेले दिसले ना, तेव्हाच कळलं की हे मी केलंय. अजून एक हंगाम निघेल, कोण म्हणालं होतं? तोंडातून भलतंच निघून गेलं. एकदा निघाल्यावर..."

"एकदा निघाल्यावर ते तुम्हाला सोयीचं पडलं."

"हो."

तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर छाती हलकी होईल. उलट राग आणखी वर आला. आजवर तिची समजूत होती की तो चुकीचं समजून बसलाय. आता कळलं की तो बरोबर समजून बोलत होता. तिने दार धाडकन उघडलं, चिखलात उतरली आणि तिथूनच बोलली, "ज्यांना ज्यांना सांगितलंत त्या सगळ्यांना आता खरं सांगायचं. माझ्यासमोर. एकही सुटता कामा नये."

पहिला नंबर हवापाण्याचा लागला. फोन केल्यावर तो आपली जीप आणि जाड दोर घेऊन आला. चरातली गाडी बघून त्याने नेमका नको तो प्रश्न विचारला, "दादा, काय झालं?"

नवऱ्याने घसा खाकरला. "टायर गेले. मागच्या वेळीही टायरच गेले होते. हिने ब्रेक दाबला नव्हता."

"ते मी जुने टायर बघितले तेव्हाच समजलो," हवापाणी दोर बांधत म्हणाला. "पण मला कुणी विचारलं?"

दुकानात नवे टायर चढवून ती दोघं घरी आली. नणंदेला फोन लावताना त्याने आवाज बारीक केला, तो तिने वाढवायला लावला. नणंद भावाला जे काही बोलली ते ऐकून हिला थोडं बरं वाटलं. मग तो वडलांसमोर जाऊन उभा राहिला. "बाबा, त्या दिवशी हिने ब्रेक दाबला नव्हता. चूक माझी होती."

सासऱ्यांनी खिडकीबाहेरची नजर आत आणली. "मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी शेजारीच तर बसलो होतो. सूनबाईचा पाय ब्रेकवर नव्हता."

तिला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तुम्ही बघितलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत, बाबा? रोज तुमच्यासमोर हे सगळ्यांना सांगत होते. तुमची पट्टी मी बदलत होते. जेवण मी भरवत होते!"

म्हाताऱ्याने निरोगी हाताने गुडघा चोळला. "पोराची चारचौघांत लाज जाईल असं वाटलं. तुझं काय, तू खमकी आहेस. तू सोसशील म्हटलं."

"सोसते म्हणून माझ्यावर ढकलायचं?"

नवरा काहीतरी बोलायला गेला, तिने हात वर करून त्याला थांबवलं. ओरडायचं ते सगळं सकाळीच ओरडून झालं होतं. आता जे उरलं होतं ते थंड होतं, आणि तिला स्वतःलाच त्याची भीती वाटली.

"बाबा," ती म्हणाली, "उद्यापासून तुमची पट्टी तुमचा मुलगा बदलेल. जेवणही तोच भरवेल. मला येतं म्हणून मी करायचं, हे बंद."

नवऱ्याने फळीवरचा पट्टीचा गुंडा खाली काढला.

दुसऱ्या पहाटे तिने उरलेल्या पेट्या भरल्या. नवरा दोर आवळायला आला, तिने आवळू दिले, कारण गाठी त्याच्याच चांगल्या बसत. चढावर माती अजून ओली होती. नव्या टायरनी ती चावून धरली. वळणावर मागचं अंग किंचित हललं आणि सावरलं. वर पोचल्यावर तिने गाडी थांबवून चारही चाकांवर एकेक नजर टाकली. खाचांत चिखल गच्च भरला होता.

मोटारसायकल मागून येऊन थांबली. "चढली की," नवरा म्हणाला.

"पेट्या उतरवा," ती म्हणाली. "ऊन वर यायच्या आत उघडायच्यात."