‘छान’ लिहायचं नाही

बायको गेल्याचं तिच्या ग्रुपला कळलं तो मंगळवार होता. मला रविवारी सकाळीच कळलं होतं. आंघोळीला गेली ती बराच वेळ झाला तरी बाहेर येईना, हाकेला ओ देईना, मी कडी तोडली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव, कोणालाच काही करता आलं नसतं. सोमवारी सगळं उरकलं. मंगळवारी बाहेरच्या खोलीत नातेवाईक बसले होते. मी स्वयंपाकघरात तिच्या टेबलाशी जाऊन बसलो, कारण तिथे कोणी समजूत काढायला येत नव्हतं.

टेबलावर तिचा टॅब होता. परगावी राहणाऱ्या लेकीने तो व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून घेऊन दिलेला. हिने त्यावर चित्रं काढायला घेतली. विमा कंपनीत तीस वर्षं फायली लावून निवृत्त झालेली बाई. शाळा सुटल्यापासून हातात ब्रश धरला नव्हता. पहिलं वर्षभर तिची सफरचंदं बटाट्यासारखी दिसायची.

मग कुठून तरी तिला तो ग्रुप सापडला. चाळीसेक माणसं, सगळी हौशी, सगळी टॅबवर नाहीतर फोनवर चित्रं काढणारी. चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका तो चालवायच्या, त्यांना सगळे ‘बाई’ म्हणायचे. बाकी कोणीच खऱ्या नावाने नव्हतं. माझं शिवणकामाचं दुकान, म्हणून हिने ‘सुईदोरा’ हे नाव घेतलं. शनिवारी चित्र टाकायचं आणि पुढच्या तीन-चार दिवसांत बाकीच्यांनी त्यातल्या चुका सांगायच्या. नियम एकच: नुसतं ‘छान’ लिहायचं नाही. सुंदर, अप्रतिम, अंगठा, बदाम, काही चालणार नाही. चूक सापडत नसेल तर परत बघा.

घरी मात्र मी छानच म्हणायचो. ती टॅब पुढे करायची, मी चष्म्यावरून बघायचो आणि म्हणायचो, “छान.”

“गिऱ्हाइकाचा कोट खांद्यावर चढत असेल तर त्याला म्हणता का छान?”

“छे. उतरवून घेतो. परत उसवतो.”

“मग मीच काय घोडं मारलंय तुमचं?”

चित्रातलं मला कळत नाही म्हणायचो आणि ताटावर बसायचो.

तर त्या मंगळवारी मी टॅब उचलला तेव्हा वर एक पट्टी दिसत होती. “खोडरबर: सुईदोरा, मशीन पटलं. पण डावा हात…” तिथे पट्टी संपत होती.

खोडरबर कोण ते मला ऐकून माहीत होतं. ग्रुपमधला सगळ्यात तिखट माणूस. “मेल्याने आज परत धुऊन वाळत घातलं मला,” असं ती म्हणायची आणि हात पुसून पेन घेऊन बसायची. बाकीचे काय म्हणाले ते ती कधी सांगत नसे. खोडरबर काय म्हणाला ते जेवताना दोनदा ऐकावं लागायचं.

मी पट्टीवर बोट ठेवलं. पट्टी गेली आणि लिहायची चौकट उघडली. म्हटलं, आधी या माणसांना कळवायला हवं. लिहिलं, “सुईदोरा रविवारी वारली. मी तिचा नवरा.” आणि टॅब ठेवून बाहेर जाऊन बसलो.

संध्याकाळी लेकीकडून ते चित्र उघडून घेतलं. चित्रात मी होतो. दुकानात मशीनवर बसलेलो, बाजूने दिसणारा. शनिवारी सकाळी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून तिने काढलं होतं आणि दुपारी ग्रुपवर टाकलं होतं. खाली सदतीस बदाम. अप्रतिम. अप्रतिम. शब्द नाहीत. काय ती नजर. आणि मधेच एक करडी ओळ: “ही कमेंट काढून टाकली आहे.”

“खोडरबरने काय लिहिलं होतं?” मी विचारलं.

“आता नाही दिसणार, बाबा. ज्याने लिहिलं त्यानेच काढलंय.”

“का?”

“का म्हणजे? आई गेलीय. अशा वेळी कोण चुका काढणार?”

मला राग आला. तीन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी झालं मला, आणि ते रडू नव्हतं, राग होता. हिने चार वर्षं त्या लोकांकडून शिव्या खाल्ल्या. एका कानासाठी आठ-आठ दिवस घालवले. आणि शेवटचं चित्र टाकल्यावर तिला मिळालं काय, तर मी चष्म्यावरून द्यायचो तेच.

मी एका बोटाने टाइप केलं. वेळ लागला. “नियमाप्रमाणे नुसतं छान चालत नाही. चित्र परत बघा. चुका लिहा. खोडरबर, तुमची कमेंट परत टाका.”

तासभर कोणीच काही लिहिलं नाही. मग एकाने हात जोडलेले टाकले. पाठोपाठ सगळ्यांनी हात जोडले.

“झालं समाधान?” लेक म्हणाली. “बाबा, लोक काय म्हणतील! बायकोच्या चित्राला नावं ठेवा म्हणून आमंत्रण देताय.”

“नावं नाही. चुका.”

“तेच ते.”

“तेच ते नाही. तुझी आई असती तर तुला सांगितलं असतं.”

हे मी बोलायला नको होतं. ती उठून आत गेली.

आठवड्याने मी दुकान उघडलं. तिथेच बाईंचा फोन आला. आवाज वर्गात शिकवणाऱ्या शिक्षिकेचाच, पण मऊ केलेला.

“तुमचं दुःख आम्ही समजू शकतो,” त्या म्हणाल्या. “आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. सुईदोराचं चित्र वेगळ्या पानावर ठेवायचं. ‘आठवण’ असं नाव देऊ. कडेला काळी चौकट. कमेंट बंद.”

“कमेंट बंद कशाला?”

“तिथे टीका शोभणार नाही ना.”

“बाई, माझ्याकडे कपडा ट्रायलला येतो तेव्हा त्याच्यावर खडूच्या खुणा असतात. इथे सैल, इथे दाटतंय. खुणा पुसून तो काचेच्या कपाटात टांगला, तर तो पुरा होत नाही. नुसता टांगलेला राहतो.”

“पण आता पुरा कोण करणार आहे?”

“कोणीच नाही. म्हणून खुणा पुसायच्या?”

त्या म्हणाल्या, “तुम्ही जरा शांत व्हा. आपण महिन्याभराने बोलू.”

“चित्र होतं तिथेच राहील,” मी म्हणालो. “आणि नियम सगळ्यांना सारखा ठेवा. नाहीतर पाटीवरून पुसून टाका.” बाईमाणसाशी, तेही शिक्षिकेशी, मी जन्मात असा बोललो नव्हतो.

खोडरबरला मी निरोप पाठवत राहिलो. रोज एक, दुकान उघडल्यावर. “डावा हात काय?” एवढाच, खाली माझा नंबर. नवव्या दिवशी फोन वाजला.

“मी खोडरबर.”

बाईचा आवाज होता. मी चार वर्षं पुरुष समजत होतो. आमची हीसुद्धा.

“तुम्ही बाई आहात?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“हो. आणि मेला नाही,” ती म्हणाली. “मला मेला म्हणायची ती. एकदा चुकून ग्रुपवरच लिहिलं होतं. मग पुसलं, पण मी वाचलं होतं.”

मला हसू आलं. तीही हसली असावी. मग ती म्हणाली, “दादा, रोज निरोप नका पाठवू. मला कामावर हात चालत नाहीत.”

“काय काम करता?”

“कवळ्या बनवते. दातांच्या. केसभर चुकलं तरी म्हातारं माणूस चौथ्या दिवशी कवळी रुमालात बांधून परत येतं.”

“माझ्याकडे पँट घेऊन येतात.”

“मग तुम्हाला कळतं.”

“कळतं म्हणूनच मागतोय. काय लिहिलं होतं?”

मागे कसलं तरी यंत्र फिरत होतं, ते तिने बंद केलं.

“मी सोमवारी लिहिलं,” ती म्हणाली. “मला माहीत नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं. मी लिहिलं होतं, डावा हात मेलेला आहे.”

दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं. मी त्याला हातानेच थांबवलं.

“दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप वाचला,” ती म्हणाली, “आणि खाली माझा तो शब्द. मी तो ठेवू कशी?”

“पुढे काय होतं?”

“दादा...”

“पुढे काही होतं ना? तुम्ही नुसतं एवढंच लिहिणाऱ्यातल्या नाही.”

“होतं.”

“मग जसंच्या तसं टाका. तो शब्दसुद्धा. तो शब्द चित्रातल्या हाताला आहे. तिला नाही.”

“लोक मला फाडून खातील.”

“खाऊ देत. मी आहे.”

एक शिंपी कोणाला ‘मी आहे’ म्हणतो, माझं मलाच हसू यायला हवं होतं. आलं नाही.

त्याच दुपारी तिने टाकलं. मी ते वहीत उतरवून घेतलंय, तसंच देतो.

“सुईदोरा, मशीन पटलं. पण डावा हात मेलेला आहे. उजवा हात कापड पुढे ढकलतोय, बोटांत जोर दिसतो. डावा नुसता ठेवलाय, टेबलावर विसरलेल्या हातमोज्यासारखा. हा हात तू बघून काढलेला नाहीस, आठवून काढलास. परत जा, त्या माणसाला परत बसव आणि बघ. मान सुरेख आहे, पण त्याबद्दल मी लिहिणार नाही, तू शेफारशील.”

तिच्यावर जो गदारोळ उठला तो मी पूर्ण वाचला नाही. निर्दयी. माणुसकी नाही. मेलेल्या बाईला ‘मेलेला’ म्हणतात का! बाईंनी लिहिलं की शब्द जपून वापरावेत. पाच जण ग्रुप सोडून गेले. मी लिहिलं, “मी मागितलं म्हणून तिने टाकलं. ज्यांना राग आलाय त्यांनी माझ्यावर काढावा. आणि डाव्या हाताबद्दल कोणाचं काही वेगळं मत असेल तर तेवढंच लिहावं.”

मग मी मशीनवर जाऊन बसलो. कापडाचा तुकडा सुईखाली घेतला, शिलाई चालू केली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. तो गप्प पडून राहत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कापड दाबून धरतात, बाकीची दोन सुईच्या पलीकडे जाऊन शिलाई ओढून घेतात, अंगठा वर उचललेला असतो. उजव्याहून जास्त काम तोच करतो. खोडरबरचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

आणि तिने तो बघून का काढला नाही, तेही मला माहीत होतं.

शनिवारी ती स्टुलावर बसली होती. चेहरा झाला, मान झाली, मशीन झालं, उजवा हात झाला. मग म्हणाली, “आता डावा. पाचच मिनिटं तसेच शिवत राहा.”

“अगं, दुपारी तो माणूस सूट न्यायला येईल. काजं व्हायची आहेत माझी.”

“पाच मिनिटांनी काय आकाश कोसळतंय?”

“उद्या काढ,” मी म्हणालो आणि उठून काजं करायला पलीकडच्या टेबलाशी गेलो. ती थोडा वेळ बसली. मग टॅब पिशवीत घालून घरी गेली आणि डावा हात तिने घरी बसून आठवून काढला.

हेसुद्धा मी ग्रुपवर लिहिलं. सगळं, काजांसकट. चूक सुईदोराची नाही, समोर बसलेल्या माणसाची आहे, असं लिहिलं. लेकीला बोलावलं आणि शिवताना माझ्या डाव्या हाताचे फोटो काढायला लावले. ती काढत राहिली. मग म्हणाली, “बाबा, अंगठा खरंच वर असतो.” अकरा फोटो निघाले. अकराही मी चित्राखाली टाकले.

दोन दिवसांनी एकाने चित्र परत टाकलं. फोटो बघून नवा डावा हात काढला होता, वेगळ्या लेयरवर, खालचं तिचं चित्र तसंच ठेवून. मला विचारलं होतं, चालेल का. ग्रुपवर आनंदीआनंद. आता ते पूर्ण झालं, बाईंनी लिहिलं. खोडरबर काही बोलली नाही.

हात चांगला होता. चूक सापडली नाही. परत बघितलं, तरी सापडली नाही.

मी लिहिलं, “हात बरोबर आहे. पण तो तुमचा आहे. काढून टाका.”

“बाबा, त्यांनी प्रेमाने केलंय,” लेक म्हणाली.

“मी कुठे नाही म्हणतोय?”

“मग?”

“मग काही नाही. दुसऱ्याने बेतलेल्या कपड्याला मी बाही लावत नाही.”

त्याने काढून टाकला. थोडा दुखावला, पण काढला. चित्र आजही शनिवारी टाकलं होतं त्याच जागी आहे. काळी चौकट नाही, कमेंट चालू आहेत. परवा एका नव्या माणसाने लिहिलं, खिडकीतला उजेड दोन बाजूंनी येतोय, एक बाजू ठरवा. बरोबर आहे त्याचं. दुकानाला खिडकी एकच आहे.

उजेडाची बाजू ठरायची आहे. डावा हात काढायचा राहिला आहे.